साय कोणाच्या वाटीत?

'व्हाइट रूम' हे गाणं सुरू होतं तेव्हा शब्द नसतात. गिटार आणि बेस लांब, ताणलेले सूर धरून उभे असतात आणि त्यांच्याखाली ड्रम पाच-पाच मात्रांची आवर्तनं घेत येतो. रॉकचा बहुतेक संसार चार मात्रांवर चालतो. इथे पाचवी मात्रा आली की ऐकणाऱ्याचा पाय अडखळतो, कान टवकारतात, आणि मग गाणं चार मात्रांवर उतरतं तेव्हा हायसं वाटतं. १९६८ सालचं हे गाणं लोक त्या सुरुवातीवरूनच ओळखतात. गाण्याचे कर्ते म्हणून नोंद मात्र दोघांची आहे: संगीत जॅक ब्रूस, शब्द पीट ब्राउन. ड्रम वाजवणारा जिंजर बेकर म्हणायचा, ती पाच मात्रांची कल्पना माझी. म्हातारपणीही म्हणायचा. नोंदीत त्याचं नाव कधी आलं नाही.

हा 'क्रीम' नावाचा बँड. क्रीम म्हणजे साय. ड्रमवर बेकर, बेसवर ब्रूस, गिटारवर एरिक क्लॅप्टन. लंडनच्या जाझ आणि ब्लूज वर्तुळात तिघांचंही नाव आधीच झालेलं होतं, तेव्हा आपण म्हणजे दुधावरची साय असं स्वतःच ठरवून त्यांनी हे नाव घेतलं. नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हता. आधीच नाव कमावलेल्या वादकांनी एकत्र येऊन काढलेला बँड म्हणजे सुपरग्रुप, आणि त्या जातीचा पहिला मोठा नमुना म्हणून क्रीमकडे बोट दाखवलं जातं. जुलै १९६६ मध्ये सुरुवात, २६ नोव्हेंबर १९६८ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम. सव्वादोन वर्षांत खेळ खलास.

असे बँड मोडले की कारण सांगायला कोणालाच कष्ट पडत नाहीत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तर तीन होत्या, अहंकार आडवा आला, संपलं. मला हे उत्तर आळशी वाटतं. अहंकार कोणात नसतो? तीस-तीस वर्षं टिकलेल्या बँडमधली माणसं काही वारकरी नव्हती. माझं म्हणणं असं की अहंकार ही ठिणगी असेल, पण जळण दुसरीकडेच रचलेलं असतं. गाणं कोणी केलं हे ठरवण्याची आपली पद्धत, तिच्यावर उभा असलेला कायदा आणि त्या कायद्यातून वाहणारा पैसा, हे ते जळण. ही पद्धत पाच वाजवणाऱ्यांपैकी एकदोघांना कर्ते ठरवते आणि बाकीच्यांना मदतनीस. मग ते एकाच गाडीतून हिंडत असले तरी एका बँडमध्ये नसतात.

क्रीमची गोष्ट नीट पाहिली तर हे दिसतं. बेकर आणि ब्रूस आधी ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये एकत्र वाजवत होते, आणि तिथे त्यांची स्टेजवर हाणामारी झाली होती. बेकरने ब्रूसला बँडमधून काढलं, त्याच्यावर सुरा उगारला, अशी ती कहाणी. नवा बँड काढायचा म्हणून बेकर एरिक क्लॅप्टनकडे गेला तेव्हा क्लॅप्टनने अट घातली की बेस वाजवायला ब्रूसच हवा. या दोघांचं वैर त्याला धड माहीत नव्हतं. बेकर २६ वर्षांचा, ब्रूस २३, क्लॅप्टन २१. म्हणजे तिघांतला धाकटा तो, आणि मधे पडायचं कामही त्याच्याच गळ्यात. तरीही बेकर ब्रूसच्या घरी गेला आणि बँड झाला. वैर असूनही दोघं एकत्र आले, कारण आपल्या तोडीचा बेस आणि आपल्या तोडीचा ड्रम दुसरीकडे मिळणार नाही हे दोघांनाही कळत होतं. म्हणून मी म्हणतो, नुसत्या वैराने बँड मोडायचा असता तर हा जमलाच नसता.

मग आलं 'सनशाइन ऑफ युअर लव्ह'. जानेवारी १९६७ मध्ये लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये जिमी हेंड्रिक्सला ऐकून ब्रूसला बेसवरची ती घुमणारी ओळ सुचली. पीट ब्राउनने रात्र जागून पहाटे पहिले शब्द दिले. पुढचा, गाण्याला नाव देणारा तुकडा क्लॅप्टनचा. म्हणून नोंदीत तीन नावं: ब्रूस, ब्राउन, क्लॅप्टन. आता ड्रमकडे या. रॉकमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, टाळ्याही तिथेच पडतात. या गाण्यात बेकरने तो उलटा करून पहिल्या आणि तिसऱ्यावर टाकला. त्यामुळे गाणं पळत नाही, जड पावलांनी चालत येतं. तो ठेका काढून नेहमीचा वाजवून पाहा, गाण्याचा जीव जातो. बेकर म्हणायचा, चाल संथ करणं आणि ठेका उलटवणं हे माझं काम. गंमत अशी की न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओतला ध्वनिमुद्रक टॉम डाउड सांगायचा की वेस्टर्न सिनेमात रेड इंडियनांचे ढोल वाजतात तसं वाजव, हे मी सुचवलं. एका ठेक्यावर दोन दावे! आणि नोंदवहीत दोघांचंही नाव नाही.

(ज्या रेकॉर्डवर हे गाणं आहे तिचं 'डिझरायली गियर्स' हे नावही असंच फुकटात मिळालेलं. सामान वाहणाऱ्या मिक टर्नरला सायकलचे डिरेलर गियर म्हणायचे होते, तोंडातून गेलं ब्रिटनच्या जुन्या पंतप्रधान डिझरायलींचं नाव. तिघे हसून लोटपोट झाले आणि रेकॉर्डचं बारसं झालं. टर्नरला त्यासाठी कोण रॉयल्टी देणार?)

नाव नसलं म्हणून बिघडतं काय? बिघडतं ते पैशात. एका मुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक त्या मुद्रणाचा, म्हणजे रेकॉर्डचा, आणि दुसरा मूळ गाण्याचा, शब्द आणि चालीचा. रेकॉर्ड विकली गेली की वाजवणाऱ्यांना करारानुसार वाटा मिळतो. पण गाण्याचा हक्क फक्त कर्त्यांचा, आणि तो आयुष्यभर, त्यानंतर वारसांनाही, घरबसल्या उत्पन्न देतो. दुसऱ्या कोणी ते गाणं गायलं तरी पैसे कर्त्याला. अमेरिकेत तर कमाल आहे. तिथल्या साध्या रेडिओवर गाणं लागलं की पैसे फक्त कर्त्यांना आणि त्यांच्या प्रकाशकांना मिळतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना एक छदामही नाही. म्हणजे क्रीमची ही गाणी अमेरिकन रेडिओवर अर्धं शतक वाजत राहिली आणि त्या प्रत्येक वाजण्यात बेकरचे हात ऐकू येत असताना त्याच्या हाती काही पडलं नाही. ब्रूस आणि तो एकाच बँडमध्ये समान भागीदार होते असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

बेकर साधू नव्हता हे आधीच सांगून टाकतो. तिरसट, भांडकुदळ, मादक पदार्थांत बुडालेला आणि पैशाच्या बाबतीत बेहिशेबी. हाती आलेला पैसा त्याने पोलोच्या घोड्यांवर उधळला. त्याला जास्त रॉयल्टी मिळाली असती तर घोडे वाढले असते, एवढंच. पण माणूस तापट आहे म्हणून त्याचा हिशेब खोटा ठरत नाही. आणि ब्रूसची बाजूही आहेच: गाणं सुचणं ही गोष्ट वेगळी, सुचलेल्या गाण्यात रंग भरणं वेगळं. ठेका प्रत्येक ड्रमवाला देतो, तेच तर त्याचं काम, त्याचे पैसे त्याला मिळालेच की. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण 'सुचणं' आणि 'रंग भरणं' यांच्यामधली रेघ कोणी ओढली? ती ओढली कागदाने. संगीताचा कॉपीराइट रुजला तो छापील स्वरलिपी विकली जात होती त्या काळात. घरोघरी पियानो, दुकानात गाण्याचे कागद, आणि कागदावर काय मावतं तर शब्द आणि चाल. जे कागदावर उतरतं ते गाणं, जे उतरत नाही ते वादन. पुढे रेकॉर्ड आली, स्टुडिओ आला, कित्येक गाणी चार जणांनी एका खोलीत वाजवता वाजवताच जन्माला येऊ लागली. रेघ मात्र होती तिथेच राहिली.

ती रेघ हलू शकते हे इंग्लंडच्या न्यायालयाने दाखवून दिलं, तेही किती उशिरा पाहा. प्रोकॉल हॅरम या बँडचं १९६७ चं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' ज्यांनी ऐकलंय त्यांना त्यातला ऑर्गन विसरता येत नाही. तो वाजवला आणि रचला मॅथ्यू फिशरने. नोंद गॅरी ब्रूकर आणि गीतकार कीथ रीड यांची. फिशरने २००५ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी, दावा लावला. २००६ मध्ये न्यायाधीशांनी संगीतातला ४० टक्के वाटा त्याचा ठरवला. वरच्या कोर्टाने २००८ मध्ये पैशाची बाजू काढून घेतली, आणि जुलै २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, एकमताने ती परत दिली. मागचे पैसे मात्र नाहीत. हक्क दाव्याच्या दिवसापासून पुढे. गाणं गाजलं तो सगळा काळ हिशेबाबाहेर. तरी एक गोष्ट पक्की झाली: वाजवणारा कर्ता असू शकतो आणि त्याचा वाटा आकड्यात मांडता येतो. 'हे मोजणार कसं?' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ४० हा आकडा पुरेसा बोलका आहे.

अर्थात ऑर्गनची धून गुणगुणता येते. ठेका गुणगुणता येत नाही. म्हणून फिशर जिंकला, आणि बेकरने असा दावा लावला असता तर बहुधा हरला असता. तबल्याच्या देशात राहणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटावं. कायदा (कोर्टातला नव्हे, तबल्यावरचा), रेला, गत, तुकडा या रचनांना आपल्याकडे घराणी आहेत, रचनाकारांची नावं लावून त्या सांगितल्या जातात आणि वाजवताना कान पकडले जातात.

आता उलट उदाहरण. एप्रिल १९८८. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला एका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला घालायला अजून एक गाणं हवं होतं. लॉस एंजेलिसमध्ये तो जेफ लिन आणि रॉय ऑर्बिसन यांच्याबरोबर जेवत होता, स्टुडिओ हाताशी नव्हता म्हणून बॉब डिलनला फोन केला, आणि हॅरिसनची गिटार टॉम पेटीच्या घरी राहिली होती म्हणून पेटीही आला. डिलनच्या गॅरेजमध्ये एका खोक्यावर 'हँडल विथ केअर' असं लिहिलेलं होतं. तेच गाण्याचं नाव झालं. रेकॉर्ड कंपनीने ऐकलं आणि म्हटलं, हे मागच्या बाजूला घालवायचं गाणं नाही, पूर्ण रेकॉर्ड करा. डिलन दौऱ्यावर निघणार होता, हातात दहाएक दिवस. संगीतकार डेव्ह स्टुअर्टच्या घरी पाच जण गिटारी घेऊन बसले आणि 'ट्रॅव्हलिंग विल्बरीज'ची पहिली रेकॉर्ड झाली.

त्यांनी दोन गोष्टी केल्या, आणि त्या मला फार शहाणपणाच्या वाटतात. स्वतःची नावंच टाकून दिली: नेल्सन, ओटिस, लेफ्टी, चार्ली टी. ज्युनियर, लकी, सगळे विल्बरी आडनावाचे भाऊ. आणि गाण्यांचे कर्ते म्हणून पूर्ण बँडचं नाव लावलं. बारीक अक्षरातली प्रकाशन संस्थांची, म्हणजे एकेका कर्त्याच्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्यांची, नावं पाहिली तर कुठलं गाणं मुळात कोणाच्या डोक्यातून निघालं याचा अंदाज येतो, म्हणजे हिशेब होताच. पण तो दारावर टांगलेला नव्हता. रेकॉर्ड ऑक्टोबर १९८८ मध्ये आली, अमेरिकेत तीस लाखांवर खपली, ग्रॅमी मिळालं. डिसेंबरमध्ये ऑर्बिसन ५२ व्या वर्षी गेला. पुढच्या गाण्याच्या चित्रफितीत त्याच्या ओळी येतात तेव्हा झुलत्या खुर्चीत त्याची गिटार ठेवलेली दिसते.

कोणी म्हणेल, पोट भरलेल्या माणसांना वाटून खाणं सोपं असतं. खरं आहे. बीटल्समधल्या माणसाला आणि डिलनला एका गाण्याच्या वाट्याने काय फरक पडणार होता? क्रीमचे तिघे विशीत होते, त्यांची पुढची सगळी मिळकत त्या नोंदींवर ठरायची होती. शिवाय विल्बरीज कधी दौऱ्यावर गेलेच नाहीत, एकमेकांना रोज सकाळी पाहण्याची शिक्षा त्यांना नव्हती. तरीसुद्धा श्रीमंतांचंच हे चोचलं म्हणता येत नाही, कारण द डोअर्स या बँडने सुरुवातीच्या रेकॉर्डवर आपल्या सगळ्या गाण्यांना बँडचं नाव दिलं तेव्हा ते कफल्लक होते. आर.ई.एम. या बँडच्या चौघांनी सुरुवातीपासून समान वाटणी ठेवली आणि बँड चांगली तीस वर्षं टिकला. क्वीनला हे शहाणपण १९८९ मध्ये सुचलं. तोवर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मागच्या बाजूला असलेल्या, त्यांचा ड्रमवाला रॉजर टेलर याच्या गाण्याला पुढच्या बाजूइतकेच पैसे मिळतात यावरून घरात पुरेसं धुमसून झालं होतं.

आणि विल्बरीजच्या फोटोत पाच जण आहेत. ड्रम कोणी वाजवला? जिम केल्टनरने. दोन्ही रेकॉर्डवर. त्याला पुढे गमतीचं नाव मिळालं तेही 'बस्टर साइडबरी'. विल्बरी नाही, साइडबरी. इतक्या मोठ्या मनाच्या घरातही ड्रमवाला पडवीत!

सगळंच खापर मी श्रेयाच्या वहीवर फोडणार नाही. क्लॅप्टन आणि बेकर यांनी १९६९ मध्ये स्टीव्ह विनवूड आणि रिक ग्रेच यांच्यासह 'ब्लाइंड फेथ' काढला. ७ जूनला हाइड पार्कमध्ये पहिलाच कार्यक्रम, समोर लाखभर माणसं. ऑगस्टमध्ये अमेरिकेचा दौरा संपला आणि बँडही. तिथे वाटणीचं भांडण नव्हतं, बाजाराची घाई होती. गाणी पिकायच्या आधीच आढीतून काढली.

आपल्याकडे हा प्रश्न कुठल्या नावाने राहतो? 'अरेंजर' या नावाने. हिंदी सिनेमाच्या सोन्यासारख्या काळात मुखडा संगीतकाराचा, पण त्याआधीचे आणि दोन अंतऱ्यांमधले पीस, व्हायोलिनचे ताफे, मागून येणारी दुसरी सुरावट, हे लिहिणारे बरेचसे गोव्याचे होते. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी काम करणारे सॅबेस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. पडद्यावर ही नावं क्वचित दिसली. गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोचलं ते १९७७ च्या एका गाण्यातून, कारण संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. तिथेही लोकांना वाटलं, सिनेमातल्या पात्राचं नाव आहे. मराठीत अनिल मोहिले यांचं काम जाणकार जाणतात. बाकी आपण गायक, संगीतकार, गीतकार एवढं म्हणून कॅसेटचं वेष्टण मिटतो.

आमचा कायदाही याच कागदाचा भक्त होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीत म्हणजे छापलेली किंवा लिहून काढलेली सुरावट! ज्या देशात बंदिशी गळ्यातून गळ्यात जातात त्या देशात. १९७७ च्या एका निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याकडे बोट दाखवलं: कायदा कागदावरच्या सुरांना ओळखतो, गळ्याला आणि सादरीकरणाला ओळखत नाही. १९९४ मध्ये व्याख्या बदलली आणि कलाकारांना हक्क मिळाले; २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला काढून घेता येणार नाही असं केलं, कलाकारांच्या रॉयल्टीचीही तरतूद केली. पण कलाकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गायक येतो. इंटरल्यूड लिहिणारा आणि ठेका बदलणारा कुठल्या रकान्यात जातो, हे अजून कोणी धड विचारत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. मुद्रण झालं त्याच दिवशी, चहा गार व्हायच्या आत, कोणी काय केलं आणि कोणाचा किती वाटा हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. परदेशात अशी पद्धत आहे, आणि आपल्याकडच्या तरुण बँडना ती परवडते, कारण कागद आणि पेन एवढंच लागतं. समान वाटणीच हवी असा माझा आग्रह नाही, दहातले दोन द्या. पण शून्य लिहायचं असेल तर ते त्या माणसाच्या तोंडावर लिहा. तसं लिहिताना हात थरथरतो, आणि तो थरथरावा अशीच माझी इच्छा आहे. रेडिओवर गाणं वाजलं की वाजवणाऱ्यालाही काही मिळावं, ही मागणी अमेरिकेतले कलाकार वर्षानुवर्षं करतायत. तिला माझा बिनशर्त पाठिंबा. 'मग चहा आणणाऱ्यालाही वाटा द्यायचा का?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चहा बदलला तर गाणं बदलत नाही. ठेका बदलला तर बदलतं. फरक एवढाच, आणि तो कोणत्याही कानाला कळतो.

कॉलेजात असताना मी गणपतीत एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचो. फलकावर गायकांचे फोटो, खाली 'आणि सहवादक'. गायकांना मानधन असायचं, आम्हाला पाकीट. एकदा एका गाण्याच्या सुरुवातीला मी ढोलकीचा एक तुकडा घातला, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि पुढच्या मंडळात तो तुकडा ऑर्केस्ट्रावाल्याने 'आमची खास ओपनिंग' म्हणून जाहीर केला. मी काही बोललो नाही. बोलायला तो माझा आहे हे सिद्ध कसं करणार होतो? बेकरचा राग मला समजतो तो त्या स्टेजच्या मागच्या रांगेतून.

क्रीम २००५ मध्ये पुन्हा एकत्र आला. मे महिन्यात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये चार रात्री, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला तीन. लंडनला सुरेख वाजवलं म्हणतात. न्यूयॉर्कला बेसचा आवाज फार मोठा आहे यावरून ब्रूस आणि बेकर पुन्हा जुंपले, आणि ते शेवटचं. ब्रूस २०१४ मध्ये गेला, बेकर २०१९ मध्ये, पीट ब्राउन २०२३ मध्ये. अमेरिकेतल्या जुन्या रॉकच्या स्टेशनांवर 'व्हाइट रूम' अजून लागतं. सुरुवातीला पाच मात्रांचा तो ड्रम येतो, आणि गाणं संपलं की पैसे ब्रूस आणि ब्राउन यांच्या खात्यांवर निघतात.